'पार्डनेब्ली'चा तास

आम्हाला आठवी ते दहावी इंग्रजी शिकवणारे सर नुसता शब्दार्थ सांगून कधी पुढे गेले नाहीत. शब्द कुठे शोभतो आणि कुठे खटकतो, हे दोन्ही ते दाखवून देत. त्यांनी शिकवलेला 'पार्डनेब्ली' मला वकिलीत रोज उपयोगी पडतो, म्हणून या स्मरणिकेत त्याच्याबद्दलच लिहितो.

शब्दकोशातला अर्थ एका ओळीचा आहे: क्षमा करता येईल अशा रीतीने. सरांनी उदाहरण मात्र वर्गातलंच घेतलं. आमच्यातला एक जण पहाटे धारा काढायचा, डेअरीला दूध घालून सायकलवर यायचा, आणि त्याची प्रार्थना चुकायची. फळ्यावर वाक्य आलं, 'ही वॉज पार्डनेब्ली लेट.' 'लेट'खाली खडूची जाड रेघ ओढून सरांनी विचारलं, "घंटा झाली होती की नाही?"

झाली होती.

"मग उशीर झालाच. तो पुसायचा नाही, पोटात घालायचा."

शेजारी त्यांनी 'अंडरस्टँडेब्ली' लिहिलं. आपण 'साहजिकच' म्हणतो तसा तो शब्द; कारण पटलं की पुरे, तिथे कुणाचा दोष असेलच असं नाही. 'पार्डनेब्ली'त दोष गृहीतच असतो, आणि तो माफ करण्याजोगा आहे हे बोलणारा ठरवतो. म्हणून इंग्रजीत 'पार्डनेब्ली प्राउड' ही जोडी इतकी रुळली आहे. ख्रिस्ती परंपरेत गर्व हे सात मोठ्या पापांपैकी एक. लेकराच्या यशाने फुललेल्या आईचा गर्व मात्र कुणालाही माफ करावासा वाटतो. उलट 'अनपार्डनेब्ली रूड' म्हटलं की दार बंद. आपल्याकडेही 'अक्षम्य हलगर्जीपणा' रोज कानावर येतो, 'क्षम्य' फारसा कुणी म्हणत नाही. मला ही उणीव वाटते.

कोर्टात हाच विचार विलंब माफीच्या अर्जात भेटतो. 1963 च्या मुदत कायद्याचं कलम 5 सांगतं की पुरेसं कारण दाखवलं तर मुदतीनंतरचं अपीलही दाखल करून घेता येतं. उशिराच्या प्रत्येक दिवसाचा हिशेब मागायची पद्धत जुनी. 1987 मध्ये कातिजी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तिचा कीस काढू नका असं बजावलं. दिवसाचा हिशेब हवा तर तासाचा, सेकंदाचा का नको, असा सवालच केला. त्या प्रकरणात उशीर होता चार दिवसांचा.

पक्षकार येतात ते बहुधा "साहेब, उशीर झालाच नाही असं काहीतरी लिहा" म्हणत. मी ऐकत नाही. पहिल्या परिच्छेदात किती दिवस उशीर झाला तो आकडा स्वच्छ लिहितो. दवाखान्याची कागदपत्रं, निकालाची नक्कल कधी मिळाली ती तारीख, हे सगळं त्याच्या खाली.