सातने भागून उरलेला फ्यूग

मी एक फ्यूग लिहिला, म्हणजे एकच धून वेगवेगळ्या आवाजांत एकामागून एक येते अशी पाश्चात्त्य रचना. धून अशी मिळाली: फिबोनाची मालिकेतला (प्रत्येक आकडा आधीच्या दोघांची बेरीज) एकेक आकडा सातने भागायचा आणि फक्त बाकी लिहायची. सोळा आकड्यांचं चक्र मिळतं: ० १ १ २ ३ ५ १ ६, ० ६ ६ ५ ४ २ ६ १, आणि पुन्हा पहिल्यापासून. डी मायनर या सात स्वरांच्या पाश्चात्त्य स्वरश्रेणीत डी म्हणजे ०, ई म्हणजे १ असं धरलं, की पहिल्या आठांतून डी ई ई एफ जी बी-फ्लॅट ई सी-शार्प निघतात. पुढचा ० म्हणजे घरी परत, डी. सरगमात सा रे रे ग म ध रे नी सा, ग आणि ध कोमल. हाच सब्जेक्ट, म्हणजे फ्यूगची मुख्य धून.

दुसरे आठ पहिल्या आठांखाली मांडले, तर प्रत्येक जोडीची बेरीज ० किंवा ७ येते. म्हणजे चक्राचा उत्तरार्ध हे सब्जेक्टचं डीभोवतीचं आरशातलं रूप आहे. फ्यूगमध्ये एरवी मुद्दाम करावं लागणारं उलटं रूप इथे मालिकेतच दडलेलं असतं.

इथवर पोचण्याआधी बाराने भागून पाहिलं होतं. चक्र २४ आकड्यांचं होतं, पण मूळ स्वर कोणता तेच कळेना. स्वरांची लांबीही मालिकेतूनच घेतली, तर लांब स्वर शेवटी साचतात आणि सब्जेक्ट धाप लागल्यासारखा थांबतो. म्हणून लय माझी ठेवली. पहिल्या बारमध्ये (चार ठोक्यांचा एक भाग) डी मिनिम, म्हणजे दोन ठोके, आणि दोन्ही ई क्रोचेट, एकेक ठोका. दुसऱ्यात एफ-जी क्वेव्हर (अर्धा-अर्धा ठोका), बाकी तीन क्रोचेट. तिसऱ्या बारच्या पहिल्या ठोक्यावर डी. सप्तकही आपणच निवडायचं, आकडा फक्त स्वराचं नाव देतो. शेवटचा ६ मी डीच्या खाली ठेवला.

सब्जेक्टमध्ये ४, म्हणजे ए, नाहीच. त्यामुळे आन्सरमध्ये, म्हणजे पुढच्या व्हॉइसने (स्वतंत्र स्वरओळीने) एवरून दिलेल्या त्याच धुनीच्या उत्तरात, फेरफार लागत नाही: ए बी बी सी डी एफ बी जी-शार्प ए, जसाच्या तसा. मात्र सुरुवात मधल्या व्हॉइसमध्ये हवी आणि आन्सर वर. आन्सर खाली आला तर डीखाली ए येऊन पहिल्याच ठोक्याला उघडा चौथा (दोन्ही टोकं धरून चार स्वरांचं, अधांतरी वाटणारं अंतर) ऐकू येतो. पाचवा बार डी मायनरकडे परतायला ठेवला, खालचा व्हॉइस सहाव्यात येतो.

काउंटरसब्जेक्ट (सब्जेक्टसोबत वाजणारी दुसरी धून) वरखाली बदलता यायला हवा. उलटवल्यावर तिसऱ्याचा सहावा होतो, पाचव्याचा चौथा. बेरीज नेहमी ९. म्हणून जोरदार ठोक्यांवर फक्त तिसरे-सहावे. पाचवा तिथे राहिला, तर चूक उलटवल्यावरच कळते.

सगळ्यात जास्त वेळ खाल्ला तो सब्जेक्ट आणि आरसा एकत्र वाजवण्याच्या जागेने. दोन्ही एकाच डीवरून सुरू केले, तर शेवटी सी-शार्प खाली आणि ई वर जाऊन व्हॉइस एकमेकांना ओलांडतात. सब्जेक्ट एक सप्तक वर नेला. बी-फ्लॅटखाली एफ येतो तिथे पुन्हा चौथा. त्याखाली बासला डी दिला, की कॉर्ड सरळ होते. जी आणि ए यांचा सातवा नियमात बसत नाही, दोघेही उडी मारून सुटतात. क्वेव्हरपुरता आहे म्हणून चालवून घेतला. शेवट मात्र फुकटात मिळतो: सी-शार्प वर चढतो, ई खाली उतरतो, दोघे डीवर.

एकूण ५५ बार, ३४ संपल्यावर आरशाची जागा. दोन्ही आकडे फिबोनाचीतलेच, पण हे प्रमाण कुणाला ऐकू येत नाही. मला आराखडा आखायला उपयोगी पडलं, एवढंच.