सांता क्लारा काउंटीत किती पगार पुरतो?

तुम्ही विचारलंत म्हणून. कॅलिफोर्नियातल्या, सिलिकॉन व्हॅलीच्या या काउंटीत नोकरीची ऑफर हातात असलेली पोरं विचारतात, पुण्याहून त्यांचे आईवडील विचारतात. प्रश्नाची दोन रूपं असतात. ‘पावणेदोन लाख डॉलरमध्ये भागेल का?’ आणि दोन वर्षांनी, जरा खोचक सुरात, ‘एवढा पगार, मग शिल्लक का नाही?’

आधी त्या सगळीकडे फिरणाऱ्या आकड्याचं बघू. २०२४ साली राज्याच्या गृहनिर्माण खात्याने या काउंटीत चार माणसांच्या कुटुंबासाठी मध्यम उत्पन्न (निम्मी कुटुंबं याच्या वर, निम्मी खाली) १,८४,३०० डॉलर धरलं आणि १,४६,१०० च्या आतलं कुटुंब ‘अल्प उत्पन्न’ गटात टाकलं. लगेच ‘दीड लाख कमावणारा गरीब’ असे मेसेज सुरू झाले. गरीब नव्हे हो. त्याच वर्षी चौघांसाठी केंद्र सरकारची दारिद्र्यरेषा ३१,२०० होती. १,४६,१०० ही मर्यादा सवलतीच्या घरांसाठी अर्ज कोणाला करता येईल ते ठरवायला असते.

आता १,८४,३०० हाच एकट्याचा पगार धरा. जोडीदार कमवत नाही, मुलं दोन, दोघांनाही चाइल्ड टॅक्स क्रेडिट, म्हणजे मुलामागे करात मिळणारी सूट, लागू. २०२४ च्या दरांनी फेडरल, म्हणजे केंद्राचा, कर साधारण २०,२००, सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअर मिळून १३,१००, कॅलिफोर्नियाचा कर ८,०००, राज्याचा अपंगत्व विमा २,०००. महिन्याला हातात पावणेबारा हजारांच्या आत-बाहेर. दोन बेडरूमचं भाडं ३,५०० धरू, एका मुलाचं डेकेअर २,४००, आरोग्य विम्यातला आपला वाटा ५००, दोन गाड्या विमा-पेट्रोलसकट ९००, वीज-इंटरनेट-फोन ४५०, किराणा आणि बाहेरचं खाणं १,४००. उरले २,६००. पगाराच्या दहा टक्के ४०१(के) या निवृत्तीच्या खात्यात टाकलेत की हातातले आणखी हजारेक जातात. वर्षातून एकदा चौघांची भारताची तिकिटं काढा. दुसरं मूलही डेकेअरच्या वयाचं असेल तर खेळ खलास.

‘भाड्याच्या तिप्पट पगार असला की या’ असं मीही पूर्वी सांगत असे. ३,५०० च्या भाड्याला वर्षाचे १,२६,००० पुरतात, असा तो हिशोब. पण तो घरमालकाचा नियम आहे, भाडं बुडू नये म्हणून केलेला, आणि तोही कर कापण्याआधीच्या पगारावर. डेकेअर त्यात कुठेच नाही. मूल नसलेल्या जोडप्याला मात्र तो आजही चालतो, त्यामुळे अगदी मोडीत काढवत नाही.

‘पण तिथे लोक राहतातच ना?’ राहतात. कसे, ते कळायला जून १९७८ मध्ये जावं लागतं. सत्तरच्या दशकात घरांच्या किमती उसळल्या आणि त्यांच्यामागे मालमत्ता करही. पेन्शनवरच्या लोकांना कर भरण्यासाठी घर विकायची वेळ आली. तेव्हा मतदारांनी प्रपोझिशन १३ हा थेट मतदानाला आलेला प्रस्ताव मंजूर केला: मूळ कर किमतीच्या एक टक्का, करासाठी धरलेली किंमत वर्षाला फार तर दोन टक्के वाढणार, आणि घर विकलं गेलं की नव्या किमतीवर नव्याने आकारणी. एका गल्लीतली सारखीच दोन घरं घ्या. एक १९८५ साली दीड लाखाला घेतलेलं. दरवर्षी पूर्ण दोन टक्के वाढ धरली तरी २०२४ मध्ये त्याची करपात्र किंमत सव्वातीन लाखांच्या आसपास, मूळ कर ३,२५०. शेजारचं २०२४ मध्ये अठरा लाखांना घेतलं, तर कर १८,०००, वर स्थानिक रोख्यांचा भार वेगळा. गल्ली तीच, शाळा त्याच, महिन्याचा फरक बाराशेवर. मग जुना माणूस घर विकेल कशाला? विकून तिथेच दुसरं घेतलं तर साधारणपणे नवा कर बोकांडी बसतो. म्हणून बाजारात घरं येत नाहीत. मुलांना आईवडिलांचा जुना कर वारशाने मिळायचा. २०२१ पासून त्यासाठी मुलाला त्या घरात स्वतः राहावं लागतं. आणि भाडेकरूंनो, जुन्या घरमालकाचा कर कमी म्हणून तुमचं भाडं कमी होत नाही. तो बाजारभावच घेतो, फरक त्याच्या खिशात. त्या पेन्शनरांचा मला राग नाही. त्यांच्या जागी आपणही हेच मत दिलं असतं. पण जनगणना खात्याच्या २०१८ ते २०२२ च्या पाहणीतलं घरटी मध्यम उत्पन्न, सुमारे १ लाख ५४ हजार, यात तेही आहेत आणि काल उतरलेले तुम्हीही. त्या आकड्याशी स्वतःला ताडून काही हाती लागत नाही.

लोक गेलेही. २०२० च्या जनगणनेत काउंटीत १९,३६,२५९ माणसं होती, २०२२ च्या मध्यापर्यंत अंदाज १८.७ लाखांवर आला.

ऑफरमध्ये आरएसयू, म्हणजे कंपनीचे टप्प्याटप्प्याने हातात येणारे शेअर, असतील तर ते महिन्याच्या खर्चात धरू नका. शेअर हातात येताना फेडरल कर सरसकट २२ टक्क्यांनी कापतात. तुमचा कराचा वरचा टप्पा २४ किंवा ३२ टक्क्यांचा असेल तर फरक एप्रिलमध्ये भरावा लागतो, आणि तोवर पैसे गाडीच्या डाउन पेमेंटमध्ये गेलेले असतात. पगारातून किती कर कापायचा ते कंपनीला कळवणाऱ्या डब्ल्यू-४ फॉर्मवर ४(सी) मध्ये जादा कपात लिहून द्या. डिपॉझिटचं ओझं मात्र हलकं झालंय: जुलै २०२४ पासून बहुतेक घरमालकांना एका महिन्याच्या भाड्यापेक्षा जास्त डिपॉझिट घेता येत नाही. काउंटीतल्या सॅन होजे शहरात तीन किंवा अधिक घरांची, सप्टेंबर १९७९ आधीची इमारत मिळाली तर भाडेवाढ वर्षाला पाच टक्क्यांवर जात नाही. कार्पेट जुनं असेल, असू दे.

आणि काउंटीबाहेर, पूर्वेकडचं माउंटन हाउस गाव? तिथे तेवढ्याच पैशात मोठं घर मिळतं, पण रोज आल्टामाँट खिंड ओलांडायची. ऑफिस आठवड्यातून दोन दिवस असेल तर जमतं, पाच दिवस बोलावलं की नाही. कंपनी पुढच्या वर्षी किती दिवस बोलावणार ते ऑफर लेटरमध्ये लिहिलेलं नसतं. ‘मग घेऊ का घर?’ या प्रश्नाला माझ्याकडे अजून उत्तर नाही.