पिंगुळीची पोथी: चित्रं उरतात, कथा निसटते

कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर आदिवासींची चित्रकथी, म्हणजे चित्रं दाखवत कथा गाऊन सांगण्याची परंपरा आहे. परशुराम गंगावणे यांनी ती आयुष्यभर जपली, गुरांच्या गोठ्याचं संग्रहालय केलं. 2021 मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली.

'पोथी' म्हटलं की वाचायचं पुस्तक डोळ्यांपुढे येतं. इथं तसं नाही. पोथी म्हणजे एका आख्यानाच्या चित्रांचा गठ्ठा. दोन चित्रं पाठीला पाठ लावून चिकटवलेली, म्हणजे पान उलटलं की पुढचा प्रसंग. सांगणारा एकेक चित्र समोर उभं धरतो, वीणा, टाळ आणि हुडूक (छोटं चर्मवाद्य) यांच्या साथीनं गातो, मधेच गद्यात समजावतो. कथा मात्र कागदावर नसते. ती म्हाताऱ्यांच्या तोंडात असते.

घोटाळा इथंच होतो. पानांचा क्रम विस्कटला की नुसत्या चित्रावरून प्रसंग लावणं कठीण, कारण रथात बसलेला धनुर्धारी कितीतरी आख्यानांत येतो. म्हणून नोंद करताना आधी दोन्ही बाजूंचे फोटो घ्यावेत आणि नंबर फोटोच्या नावात द्यावेत. चित्रावर पेन लावू नये! मग जाणत्याकडून क्रम लावून घ्यावा आणि पूर्ण बैठक सलग रेकॉर्ड करावी, पान बदलताना नंबर बोलून. तुकड्यांत विचारलं तर गाणं तुटतं, आणि ओळी बऱ्याचदा चालीबरोबरच आठवतात.

कोकणातला पावसाळा वेगळाच शत्रू. दमट कागदाला बुरशी येते, चित्रं चिकटवलेल्या खळीला कसर लागते. प्लॅस्टिकच्या पिशवीत दमट पोथी बांधून ठेवणं सर्वांत वाईट. कोरड्या सुती कापडात गुंडाळावी.