पट्टा मिळाला, मग काय झालं?

पट्टेवाटपाचा, म्हणजे झोपडपट्टीतल्या घराखालच्या जागेच्या हक्काचे कागद देण्याचा, परिणाम मोजून द्या असं कोणी म्हटलं की मी आधी विचारते, कोणाच्या तुलनेत? नागपुरातल्या झोपडपट्ट्यांमध्ये मी बरीच वर्षं घरोघर सर्वे करते, आता पोरापोरींची टीम घेऊन. काम देणाऱ्या संस्था बदलतात, फॉर्म फारसा बदलत नाही. घर पक्कं केलं का, बँकेचं कर्ज मिळालं का, मुलं शाळेत जातात का, कमाई वाढली का. शेवटी एक प्रश्न असतोच : तुम्हाला आता सुरक्षित वाटतं का? त्यावर लोक "हाव", म्हणजे हो, म्हणतात आणि चहाचं विचारतात.

शहरात चारशेच्या वर झोपडपट्ट्या आहेत आणि प्रत्येकीखालची जमीन वेगळ्या मालकाची. कुठे नझूल (शहरातली सरकारी जमीन), कुठे मनपा, कुठे नासुप्र (नागपूर सुधार प्रन्यास), कुठे रेल्वे, कुठे खाजगी, आणि विदर्भाचं खास दुखणं म्हणजे झुडपी जंगल, महसुली नोंदीत झुडपांची म्हणून लिहिलेली जमीन. सातबाऱ्यावर झुडपी, वर तीन पिढ्यांची घरं. २२ मे २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने झुडपी म्हणजे वनजमीनच असा निकाल दिला तेव्हा ज्यांना काही महिन्यांपूर्वी मी 'सुरक्षित वाटतं' या रकान्यात टाकलं होतं, त्यांच्यापैकी काहींचे फोन आले. "ताई, आता आमचं कसं?" १२ डिसेंबर १९९६ च्या आधीच्या वाटपांना निकालात संरक्षण आहे, एवढं मी सांगू शकले. वस्तीत काहीच बदललं नव्हतं. तरी त्या दिवशी सर्वे घेतला असता तर अर्धे रकाने उलटे भरले असते.

आता मुद्द्यावर येते. पट्टा मिळालेल्या वस्तीत जाऊन स्लॅबची घरं मोजायची, पट्टा नसलेल्या वस्तीत जाऊन टिनाची मोजायची आणि वजाबाकीला 'परिणाम' म्हणायचं, हे मला पटत नाही. पट्टा असला की प्रधानमंत्री आवास योजनेत स्वतःचं घर बांधायला अडीच लाख मिळतात, केंद्राचे दीड आणि राज्याचा एक. जागेचा कागद नसेल तर अर्जच पुढे सरकत नाही. मग स्लॅब पडला तो कागदाच्या भरवशाने की अडीच लाखांमुळे? अहवालात दोन्ही एकाच वाक्यात येतात, आणि श्रेय कागद घेऊन जातो.

याच्या उलटही होतं. एका वस्तीत पीटीएस मोजणी (घरोघरच्या जागेची नकाशा-मोजणी) होऊन, डिमांड म्हणजे पट्ट्याची मागितलेली रक्कम भरून, रजिस्ट्रीपर्यंत घरं पोचली होती. आमच्या आकड्यांत पट्ट्याआधी आणि पट्ट्यानंतर घरांत जवळजवळ फरक नाही. संस्थेचे साहेब नाराज झाले. मी एका आजींना विचारलं, पट्टा मिळाला तर वरचा मजला का नाही चढवला? त्या म्हणाल्या, "मजला त तवाच चढवला, मीटर लागलं तवा. टॅक्सची पावती आली, नळ आला, मंग आमाले कोण हटोते जी?" म्हणजे त्यांची भीती गेली तेव्हा आमचा प्रकल्प जन्मालाही आला नव्हता. मीटर, कराची पावती, रेशन कार्ड, मतदार यादीतलं नाव, हे साठत साठत सुरक्षितता येते, आणि पट्टा बरेचदा रांगेत सगळ्यात शेवटी येतो. शेवटच्या पायरीचं माप घेऊन जिना किती उंच ते सांगणं कठीण आहे.

परदेशातले दाखले मात्र प्रत्येक प्रशिक्षणात कानावर येतात. पेरूचा सगळ्यात जास्त. तिथे १९९६ ते २००३ या काळात शहरांतल्या बारा लाखांवर कुटुंबांना मालकीपत्रं दिली, आणि अर्थतज्ज्ञ एरिका फील्ड यांच्या अभ्यासात असं दिसलं की लोक घराबाहेर जास्त तास कामाला जाऊ लागले, कारण जागा राखायला कोणीतरी घरी बसायची गरज उरली नाही. निष्कर्ष चांगलाच आहे. पण तो इथे जसाच्या तसा आणून 'घराची राखण कोण करतं?' हा प्रश्न आमच्या फॉर्ममध्ये टाकला, तर बायका हसतात. धुणंभांड्याला जाताना त्या कुलूप लावतात, किल्ली शेजारी ठेवतात, झालं.

मला खरं आवडतं ते अर्जेंटिनाचं काम. ब्युनोस आयर्सजवळ किल्मेस इथे १९८१ मध्ये अठराशेच्या आसपास कुटुंबांनी एका पडीक जागेवर घरं मांडली. जागा सरकारची असं त्यांना वाटत होतं. निघाली वेगवेगळ्या खाजगी मालकांची. १९८४ मध्ये ती संपादन करायचा कायदा झाला. काही मालकांनी मोबदला घेतला, काही कोर्टात गेले. म्हणून शेजारीशेजारी राहणाऱ्या, सारख्याच गरीब कुटुंबांपैकी कोणाला मालकी मिळाली, कोणाला नाही, आणि त्यात त्यांच्या कर्तबगारीचा संबंध नव्हता. सेबास्टियन गालियानी आणि एर्नेस्तो शारग्रोद्स्की या अर्थतज्ज्ञांनी नेमकी ही फट पकडली. मालकी मिळालेल्यांची घरं सुधारली, कुटुंबं लहान झाली, मुलं जास्त शिकली. कर्जात मात्र थोडासाच फरक, कमाईत नाहीच. कागद दिला की गरीब माणूस बँकेत जाऊन भांडवल उभं करील, ही पेरूचे अर्थतज्ज्ञ हेर्नांदो दे सोतो यांची कल्पना जगभर फिरली, पण किल्मेसमध्ये ती फारशी दिसली नाही. आमच्याकडेही कर्जाच्या प्रश्नासमोर बहुतेक 'नाही'च लिहावं लागतं. कर्ज आहे, पण ते बचतगटाचं नाहीतर आठवड्याच्या हप्त्यावालं, आणि त्यासाठी पट्टा कोणी मागत नाही.

तशी फट नागपुरातही आहे. दक्षिणेकडच्या एका वस्तीत एकाच गल्लीची डावी बाजू सरकारी खसऱ्यात (जमिनीच्या नोंदीतल्या तुकड्यात) येते, उजवी खाजगी मालकाच्या. डावीकडे पट्टे झाले, उजवीकडे नाहीत. माणसं तीच, लग्नंसुद्धा एकमेकांत. किल्मेसइतकं हे स्वच्छ नाही, कारण कोणती बाजू कोणाची हे इथे सगळ्यांना आधीपासून ठाऊक होतं आणि भावही त्याप्रमाणे होते. पण तुलनेला यापेक्षा बरी जागा मला मिळालेली नाही.

तिथे स्लॅब दोन्हीकडे आहेत. फरक दिसला तो दुसरीकडेच. पट्टा करायचा म्हणजे नावं लिहायची, आणि एका घरात तीन भाऊ राहतात. डाव्या बाजूच्या कितीतरी घरांत बोलणं बंद झालंय. मोठ्याच्या नावाने रजिस्ट्री झाली, धाकटा विचारतो, "मंग मी भाड्यानं राहतो का बे?" उजव्या बाजूला असं भांडण नाही, कारण भांडायला कागद नाही.

बायकांचं अजून वेगळं. तिथल्या पट्ट्यांवर नवरा-बायको दोघांची नावं आहेत, ते मला मनापासून बरं वाटतं. पण ज्या बाईचं लग्न कुठे नोंदलंच नाही, किंवा आधार कार्डावर अजून माहेरचं नाव आहे, तिचं काय? रवांडात नेमकं हेच झालं होतं. तिथल्या जमीन नोंदणीच्या पहिल्या टप्प्यात कायदेशीर लग्न असलेल्या बायकांचा हक्क पक्का झाला, आणि तसं लग्न नसलेल्यांचा उलट कमी झाला. आमच्या वस्तीत एका विधवा बाईला, दीर बाहेर गेल्यावर, मी सुरक्षिततेचा प्रश्न पुन्हा विचारला. "सरकारची भीती नाही ताई, घरच्यायची हाय." पहिल्यांदा दिरासमोर तिनेही "हाव"च म्हटलं होतं.

म्हणून येत्या फेरीच्या फॉर्ममध्ये मी तीन गोष्टी मागितल्या आहेत : मीटर आणि कराची पहिली पावती कोणत्या साली, कोणाच्या नावावर घ्यायचं यावरून घरात वाद झाला का, आणि बाईची मुलाखत वेगळी, घरातलं कोणी नसताना. फॉर्म लांबतो असं उत्तर आलं. मी कर्जाचे सगळे प्रश्न काढून एकच ठेवला आणि फॉर्म परत पाठवला. तिसऱ्या मागणीवर अजून ई-मेलची देवाणघेवाण चालू आहे, कारण त्यासाठी टीममध्ये मुली जास्त लागतील आणि बजेटमध्ये तेवढे पैसे धरलेले नाहीत.