नळ्या, शेवया आणि वाटीभर पाणी

लेकीच्या बाळंतपणासाठी पत्नी पुण्याला गेली आणि इंदूरच्या रामबागेतल्या आमच्या घरात मी आणि माझी ८४ वर्षांची आई अशी दोनच माणसे उरली. सकाळच्या पोळीभाजीला बाई येतात. प्रश्न होता तो रात्रीचा. रात्री खाऊगल्ली होणारा सराफा बाजार हाकेच्या अंतरावर असताना इंदूरच्या माणसाने रात्रीच्या जेवणाची चिंता करावी हे ऐकायलाही विचित्र वाटते. पण रोज भुट्ट्याचा कीस आणि दहीवडे खाऊन ५८व्या वर्षी निभाव लागत नाही, आणि आईला तर बाहेरचे चालतच नाही. चार दिवस खिचडी झाली, दोन दिवस मऊ भात झाला आणि सातव्या दिवशी फडताळात मागे सरकलेले पेन्ने पास्त्याचे पाकीट हाती लागले. आईने चष्मा लावून ते उलटसुलट न्याहाळले आणि विचारले, "या नळ्या शिजायला किती वेळ लागतो रे?" पाकिटावर अकरा मिनिटे लिहिले होते. "मग ठेव आधण," ती म्हणाली, आणि त्या दिवसापासून आमच्या घरात पास्त्याचे नाव 'नळ्या' असेच पडले.

पहिला प्रयत्न पुरता फसला. मी लहान पातेल्यात जेमतेम पाणी घेतले, नळ्या एकमेकींना चिकटू नयेत म्हणून त्यात चमचाभर तेल सोडले, शिजल्यावर सगळे पाणी मोरीत ओतले आणि वर नळाच्या थंड पाण्याने त्यांना आंघोळही घातली. मग टोमॅटोच्या रसात त्या परतल्या. ताटलीत नळ्या एका बाजूला आणि रस दुसऱ्या बाजूला असे दृश्य दिसू लागले. आईने दोन घास खाल्ले आणि म्हणाली, "यांची आपसांत ओळखच झालेली नाही."

रात्री लेकीचा फोन आला. मांडीवर बाळ आणि तोंडी सूचना. "बाबा, पाण्यात तेल घालू नका, नळ्या धुऊ नका आणि ते पाणी तर मुळीच फेकू नका." हे असे का, हे मला पुढच्या काही रात्रींत हळूहळू उमगत गेले. साधारण प्रमाण असे की १०० ग्रॅम पास्त्याला १ लिटर पाणी आणि १० ग्रॅम मीठ घ्यावे, पाणी खळाखळा उकळल्याशिवाय पास्ता सोडू नये आणि पहिली दोन मिनिटे तो ढवळत राहावे, कारण चिकटण्याचा खरा धोका त्याच वेळी असतो. वरचा पिठूळ थर फुगून ओला झालेला असतो. एकदा तो पाण्यात विरला की नळ्या आपापल्या सुट्या होतात. तेल बापडे पाण्यावर तरंगत राहते, त्याचा या कामी काही उपयोग नसतो. उलट पाणी गाळताना ते नळ्यांवर बसते आणि मग रस त्यांच्यावरून घसरतो. आणि ज्या पाण्याला मी सांडपाणी समजलो होतो, त्यात पास्त्यातला स्टार्च उतरलेला असतो. तेल आणि रस यांना एकजीव करून नळ्यांना धरून ठेवण्याचे काम तोच करतो. वरणभातवाल्या घरात वाढलेल्या माणसाला हे कुणी सांगावे लागू नये, कारण आमच्याकडे कटाच्या आमटीसाठी पुरणाच्या डाळीचे पाणी काढून ठेवतातच की.

त्यानंतर माझा हात बसला तो सगळ्यांत साध्या प्रकारावर, नेपल्सच्या लसूण-तेलाच्या पास्त्यावर. तिकडे त्याला स्पॅगेटी लागते, मी नळ्यांवरच भागवतो. नळ्या शिजत असतानाच दुसऱ्या शेगडीवर कढईत तेल ठेवायचे. तिकडे ते ऑलिव्हचे असते. इंदूर पडले सोयाबीनचे गाव, त्यामुळे आमच्या कढईत सोयाबीनचे तेल आणि वरून चव यावी म्हणून ऑलिव्हच्या छोट्या बाटलीतला एक चमचा. आठ-दहा लसूण पाकळ्यांचे पातळ काप तेल गरम होण्याआधीच त्यात सोडायचे आणि आच मंद ठेवायची. काप आधी पांढरे असतात, मग कडांनी किंचित पिवळे दिसू लागतात, त्यांच्याभोवती बारीक बुडबुडे उठतात आणि घरभर वास सुटतो. नेमक्या त्याच क्षणी दोन सुक्या मिरच्यांचे तुकडे टाकून आच बंद करायची, कारण फोडणीच्या सवयीने लसूण तांबूस होऊ दिली की ती कडू झालीच म्हणून समजावे. मग एक मिनिट कच्च्या असलेल्या नळ्या झाऱ्याने थेट कढईत उचलायच्या, त्यांच्यावर वाटीभर ते गढूळ पाणी घालायचे, आच पुन्हा मोठी करायची आणि कढई हलवत राहायचे. मिनिटाभरात तेल आणि पाणी वेगळे ओळखू येत नाही, नळ्यांवर दाटसर चकाकी चढते. या साऱ्याला पाव तास पुरतो.

इटलीत पास्ता दाताला किंचित लागेल इतपतच शिजवतात. आईची कवळी या सिद्धान्ताशी सहमत नाही. "मधे कच्चं राहिलंय," असे तिने दोनदा बजावल्यावर मी माझ्या वाट्याच्या नळ्या आधी काढतो आणि तिच्या चार मिनिटे जास्त ठेवतो. वर मी काळी मिरी घेतो आणि ती जीरावन घेते. पोह्यांवर पडणारे जीरावन पास्त्यावर शोभते का, या प्रश्नावर मी बराच विचार केला. आमचूर आणि काळ्या मिठामुळे ते शोभते, असे माझे मत आहे. पिझ्झ्याबरोबर आलेल्या आणि घरोघरी खणात साठत गेलेल्या ओरेगॅनोच्या पुड्यांपेक्षा तर नक्कीच.

एका रात्री पाकिटावरची बारीक अक्षरे वाचताना 'ड्युरम गव्हाचा रवा' हे शब्द दिसले, आणि मी आईला सांगितले की हा आपला कठिया गहू. इटलीत तर १९६७च्या कायद्याने सुका पास्ता याच गव्हाच्या रव्याचा असावा असे बंधन घातले आहे. त्याचा दाणा कडक आणि काचेसारखा असतो, रंग मुळातच पिवळसर असतो आणि त्यातले प्रथिन घट्ट जाळे धरते, म्हणून उकळत्या पाण्यातही त्याचा लगदा होत नाही. मैद्याच्या स्वस्त पास्त्याचा मात्र होतो. मालव्याची काळी जमीन या गव्हासाठी पूर्वीपासून नावाजलेली आहे, आणि इथल्या गहू संशोधन केंद्राने 'मालवशक्ती', 'पोषण', 'पूसा तेजस' असे त्याचे वाण काढले आहेत. आईला यात नवल असे काही वाटले नाही. "मग बाफला काय वेगळा असतो?" ती म्हणाली. खरेच होते. जाडसर कणकेचे गोळे आधी उकळत्या पाण्यात सोडायचे, वर तरंगू लागले की काढायचे आणि मग भाजून तुपात बुडवायचे, म्हणजे पाण्यात शिजलेल्या गव्हाची गोडी मालव्याने कुणाकडून उसनी आणलेली नाही.

आमच्या मराठी घरांत तर नुसत्या गोडीपलीकडे पुष्कळ काही होते. लग्न ठरले की आजी आणि काकू दुपारी ताट पुढ्यात घेऊन बसत आणि भिजवलेला रवा बोटांवर वळून खिरीसाठी वस्तू करत: गव्हाच्या दाण्याएवढे गव्हले, नखाने दाबलेले नखुले, आणि स्वच्छ धुतलेल्या फणीच्या दातांवरून फिरवलेले फणोले. इटलीतल्या एमिलिया-रोमान्यामध्ये गार्गानेल्ली नावाचा पास्ता असाच फणीवर वळतात, हे मी अलीकडे वाचले तेव्हा मला आजीची ती लाकडी फणी आठवली. आणि तिकडच्या 'ओर्झो' या पास्त्याच्या नावाचा अर्थ जव असा आहे, तो आमच्या गव्हल्यांचा मावसभाऊच म्हणायचा. फणोल्यांवरच्या रेघा केवळ शोभेच्या नसतात, त्यांच्या खाचांत खीर अडकते. कांस्याच्या साच्यातून दाबून काढलेला पास्ता खरखरीत असतो आणि म्हणून रस अधिक धरतो, तेही हेच तत्त्व.

शनिवारी उशीर झाला की नूडल्स. जपानमध्ये मोमोफुकु आंदो यांनी १९५८ साली झटपट नूडल्स बाजारात आणले. शिजवलेल्या नूडल्स तेलात तळल्या की आतले पाणी वाफ होऊन निघून जाते आणि सूक्ष्म छिद्रे उरतात, आणि पुढे उकळते पाणी त्याच छिद्रांतून झरझर आत शिरते, एवढीच त्यामागची किमया. दोन मिनिटांत त्या माझ्याकडून एकदाही झालेल्या नाहीत. आधण येण्याची मिनिटे कुणी मोजतच नाही. पण आई म्हणते की उन्हाळ्यात पाटावर ओढून, काठीवर वाळवून डब्यात भरलेल्या शेवया म्हणजे हेच होते. पाहुणा दारात दिसला की तुपावर परतून दुधात सोडायच्या, बूट काढून तो आत येईतो खीर तयार. चैत्र-वैशाखातल्या तीन दुपारी मोडल्या होत्या, हे पाहुण्याला कुठे ठाऊक असायचे. नूडल्समध्ये मी गाजर आणि मटार घालतो, पुडीतला मसाला अर्धाच घेतो आणि वर मूठभर सेव टाकतो. या शेवटच्या गोष्टीबद्दल इंदुरात खुलासा करावा लागत नाही.

काल पत्नीचा फोन आला, पुढच्या आठवड्यात येते म्हणाली. बोलता बोलता मी नळ्या गाळल्या आणि सवयीने एक वाटी पाणी बाजूला काढून उरलेले पातेले मोरीकडे नेऊ लागलो. आईने खुर्चीतूनच हात वर केला. "ओतू नकोस. गार झालं की झाकून फ्रिजमध्ये ठेव, सकाळी बाईंना कणीक त्यातच भिजवायला सांगते. आणि वेगळं मीठ घालू नका म्हणावं."