सिंक पुसून कोरडं करणारी माणसं

म्युनिकमधलं पहिलं घर सोडलं त्या दिवसाची गोष्ट. घरमालकाच्या वतीने आलेला माणूस टॉर्च आणि प्रोटोकॉलचे, म्हणजे घराच्या स्थितीची नोंद करायचे, कागद घेऊन खोल्यांमधून फिरत होता. भिंती बघितल्या, खिडक्यांची रबरं दाबून बघितली, ओव्हनचं दार उघडून आत टॉर्च मारला. सगळीकडे मान डोलावली. मग स्वयंपाकघरातल्या सिंकपाशी वाकला, नळाच्या बुडाशी नख घासलं, नखाकडे बघितलं आणि एकच शब्द म्हणाला, "काल्क." म्हणजे चुना, क्षार. तोच शब्द कागदावर लिहिला गेला, पुढे बाथरूमच्या बेसिनसमोरही लिहिला गेला. डिपॉझिट परत आलं तेव्हा त्यातून सफाईचे ६० युरो वजा झाले होते.

पैशाचं एवढं वाटलं नाही. आदल्या रात्री दोन तास मी तेच सिंक घासत होतो, त्याचं वाटलं. साबण लावून झाला, पावडर लावून झाली, तारेच्या घासणीने खांदा दुखेपर्यंत घासलं. आणि या माणसाने नखाने दोन सेकंदांत मला अस्वच्छ ठरवलं.

पुढचे कित्येक दिवस मनातल्या मनात मी त्याला उत्तरं देत होतो. आमच्या घरात सकाळी डबे होतात, संध्याकाळी पूर्ण स्वयंपाक होतो. आमचं सिंक दिवसभर राबतं. संध्याकाळी ब्रेड-चीज खाऊन दोन बशा डिशवॉशरमध्ये सरकवणाऱ्या घराशी त्याची तुलना कशी करणार? जर्मन दिवाणी कायद्याचं कलम ५३८ तर मी अनेकदा वाचून काढलं. करारात ठरल्याप्रमाणे घर वापरताना जी झीज होते तिची जबाबदारी भाडेकरूवर नाही, असं ते सांगतं. पत्राचा मसुदाही तयार केला होता. पाठवला नाही, कारण क्षाराचा थर म्हणजे झीज नव्हे, तो निघण्यासारखा असतो, हे मला आतून कळत होतं. मला तो काढता आला नव्हता, इतकंच.

खरं सांगायचं तर हा थर मला नवा नव्हता. बोअरच्या पाण्यावर वाढलेल्या कुणालाच नवा नाही. बादलीच्या आतली पांढरी रेघ, शॉवरची बुजलेली भोकं, गिझरची कॉइल. आपण "बोअरचं पाणी आहे" म्हणतो आणि विषय संपतो. पाहुणेही तेच म्हणतात. नळावरच्या पांढऱ्या डागाचा कुणी घरातल्या माणसाच्या वळणाशी संबंध लावत नाही. इथे लावतात, आणि ते मला अजूनही अन्यायाचं वाटतं, कारण क्षाराच्या बाबतीत इथलं पाणीही काही कमी नाही. म्युनिकला १८८३ पासून मांगफाल खोऱ्यातलं पाणी येतं. आल्प्सच्या पायथ्याच्या चुनखडीतून झिरपून येणारं हे पाणी चवीला उत्तम आहे, थेट नळाला तोंड लावून प्यावं असं. पण कठीण. जर्मनीत कायद्याने पाण्याचे तीन वर्ग केले आहेत: ८.४ अंशांखाली मृदू, १४ अंशांपर्यंत मध्यम, त्यावर कठीण. एक अंश म्हणजे लिटरमागे १० मिलिग्रॅम कॅल्शियम ऑक्साइडइतकी कठिणता. कपड्यांच्या पावडरच्या खोक्यावर किती पावडर घालायची तेही याच तीन वर्गांनुसार छापलेलं असतं. म्युनिक तिसऱ्या वर्गात येतं. खोकं मी दर आठवड्याला हातात घेत होतो आणि सिंकचा आणि त्या तक्त्याचा संबंध माझ्या डोक्यात आला नव्हता.

दुसऱ्या घरात आलो तेव्हा खालच्या मजल्यावर एक आजी राहत होत्या. इथे कुणाला आजी म्हणत नाहीत, आम्ही एकमेकांना आडनावानेच हाक मारतो, पण मनात त्या माझ्यासाठी आजीच आहेत. एकदा त्यांचं पार्सल द्यायला गेलो आणि त्यांचं सिंक दिसलं. घर बांधलं तेव्हापासूनचं, आणि नळात खिडकीचं प्रतिबिंब दिसत होतं. मी न राहवून विचारलं, "तुम्ही हे कशाने घासता?" त्या म्हणाल्या, "मी घासतच नाही. मी पुसते."

ते वाक्य मला तेव्हा आवडलं नाही. घासणं हे काम, पुसणं ही हौस, असं माझं पक्कं मत होतं. भांडी झाली की सिंकवर पाणी फिरवायचं आणि ओट्यावरून फडकं मारायचं, की झालं काम. उरलेले थेंब वाळतात. पण सगळी मेख त्या थेंबांतच आहे. थेंब वाळतो म्हणजे पाणी उडून जातं, त्यातला कार्बन डायऑक्साइडही जातो, आणि विरघळलेला चुना जागेवर घट्ट होऊन बसतो. दुसऱ्या दिवशी त्यावर दुसरा थेंब. महिन्याभरात नळाच्या बुडाशी जे जमतं ती खऱ्या अर्थाने चुनखडीच असते, आणि चुनखडीला साबणाने काही होत नाही. साबण तेलासाठी. उलट कठीण पाण्यात अंगाचा साबण चुन्याशी संयोग पावून बेसिनवर तो राखाडी, चिकट थर तयार करतो. म्हणजे मी त्या रात्री दोन तास चुकीच्या वस्तूने, चुकीच्या गोष्टीशी झटत होतो.

तारेची घासणी तर नुकसान करून गेली. स्टेनलेस स्टीलवर क्रोमियम ऑक्साइडचा न दिसणारा पापुद्रा असतो, तोच त्याला गंजू देत नाही, आणि खरवडला तरी हवेत तो पुन्हा तयार होतो. पण साध्या लोखंडी तारेचे बारीक कण सिंकच्या ओरखड्यांत अडकून राहतात आणि तेच गंजतात. मला वाटलं होतं सिंकच हलक्या प्रतीचं आहे. इथले कारागीर या पोलादाला अजूनही 'फाऊ-त्स्वाय-आ' म्हणतात. एसेनच्या क्रुप कंपनीने १९१२ साली ज्याच्या पेटंटसाठी अर्ज केला, त्या पोलादाचं हे नाव. एवढ्या चांगल्या धातूला मऊ स्पंज पुरतो, आणि तोही पत्र्यावरच्या बारीक रेघांच्या दिशेने फिरवायचा, आडवा नाही.

जमलेल्या थरासाठी आजींनी दिलेला उपाय म्हणजे सायट्रिक ॲसिड, आपलं लिंबूसत्त्व. अर्धा लिटर पाण्यात दोन मोठे चमचे. पाणी थंडच हवं. गरम केलं तर चुन्याचं आणि त्याचं जे संयुग बनतं ते विरघळत नाही, नवाच पांढरा थर बसतो. कागदी रुमाल या पाण्यात भिजवून नळाच्या बुडाशी गुंडाळायचा, अर्ध्या तासाने काढायचा, धुवायचं. जास्त वेळ ठेवायचं नाही, नळाच्या क्रोमच्या मुलाम्याला ते मानवत नाही. संगमरवराला तर हे लावायचंच नाही, तोही चुनाच आहे. टाइल्सच्या सांध्यांवर आधी साधं पाणी मारून ते ओले करून घ्यायचे, म्हणजे आम्ल आत शोषलं जात नाही. नळाच्या तोंडाशी जी जाळी असते ती फिरवून काढायची आणि याच पाण्यात बुडवून ठेवायची. मी पहिल्यांदा काढली तेव्हा आतून वाळूसारखे खडे पडले. नळाची धार महिनोन् महिने वाकडी येत होती, आणि मी पाण्याच्या दाबाला दोष देत होतो.

हे सगळं आईला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, "अरे, म्हणजे आपली चिंचच की! तांब्याच्या हंड्याला मी काय करते? लावते आणि ठेवून देते. जोर लावतच नाही." ऐकून मला फार बरं वाटलं. युरोपात येऊन जे शिकलो म्हणून सांगत होतो, ते माझ्या घरात मोरीच्या कडेला वाटीत भिजत पडलेलं असायचं. नळालाही चिंच लावून बघितली, पण तिथे ती कमी पडते. तिच्यातल्या टार्टरिक आम्लाचं चुन्याशी होणारं संयुग पाण्यात फारसं विरघळत नाही. तांब्या-पितळेला चिंच, चुन्याला लिंबूसत्त्व. पण आम्लाला वेळ द्यायचा आणि हात आवरायचा, ही अक्कल आईकडे आधीपासून होती, आणि ती मला इथल्या कुठल्याही बाटलीवर छापलेली मिळाली नाही.

बाटल्यांवरून आठवलं, एक गोष्ट कळकळीने सांगायची आहे. आपल्या ग्रुप्सवर खायचा सोडा आणि व्हिनेगर एकत्र ओतण्याचे व्हिडिओ सारखे फिरतात. फेस येतो तो कार्बन डायऑक्साइडचा, आणि फेस संपल्यावर उरतं ते जवळजवळ नुसतं खारट पाणी. दोघांनी एकमेकांना मारून टाकलेलं असतं. तेलकटपणाला सोडा वेगळा वापरा, क्षाराला आम्ल वेगळं. सोडा-व्हिनेगर एकत्र केल्याने फक्त श्रम वाया जातात. पण ब्लीच आणि आम्ल एकत्र आलं तर क्लोरीन वायू सुटतो. बंद बाथरूममध्ये तो जीवघेणा ठरू शकतो. आधी एकाने धुऊन मग दुसरं लगेच ओतणं हेसुद्धा नको. स्टीलच्या सिंकला तर ब्लीच नकोच, क्लोराइडने त्याला बारीक खड्डे पडतात.

बेसिन तुंबलं तरी आता मी बाटलीकडे वळत नाही. खाली बादली ठेवायची, सायफनच्या, म्हणजे बेसिनखालच्या वाकड्या नळीच्या, दोन चकत्या हाताने सोडवायच्या, केसांचा आणि साबणाचा गोळा काढायचा, रबर नीट बसवून परत लावायचं. दहा मिनिटं लागतात. त्या वाकड्या नळीत थोडं पाणी राहायलाच हवं, तेच गटाराचा वास वर येऊ देत नाही. म्हणून सुट्टीवरून परतल्यावर घरात वास आला तर पहिल्यांदा न वापरलेल्या बेसिनमध्ये तांब्याभर पाणी ओतून बघा. रबरी पंप मारणार असाल तर वरच्या बाजूचं जादा पाणी जाण्याचं भोक ओल्या फडक्याने बंद करा, नाहीतर सगळा जोर तिथून निघून जातो. आणि तेलाची कढई सिंकमध्ये नेण्याआधी कागदाने पुसून घ्या. गरम पाण्याने तेल वाहून गेलंसं वाटतं. ते पुढे थंड पाइपमध्ये जाऊन थिजतं.

आता रात्री शेवटचं भांडं झालं की मी सिंक पुसतो. आधी नळ, मग त्याचं बूड, मग कडा, मग तळ. एक जुनं सुती धोतर फाडून केलेलं फडकं आहे, त्याच्याइतकं पाणी इथलं कुठलंच कापड टिपत नाही. एका मिनिटाचं काम आहे. तरी त्या टॉर्चवाल्या माणसाचं बरोबर होतं असं मी म्हणणार नाही. त्याने क्षार बघितला, आमचं रोजचं स्वयंपाकघर बघितलं नाही.

आजींच्या बोटांना आता सायफनच्या चकत्या फिरत नाहीत. दोन महिन्यांतून एकदा शनिवारी सकाळी मी बादली घेऊन खाली जातो. मी उकिडवा बसून चकत्या सोडवतो आणि त्या वरून टॉर्च धरतात. परवा काम झाल्यावर बेसिन मी तसंच ओलं ठेवून उठत होतो, तेवढ्यात त्यांनी हातातलं फडकं पुढे केलं.