जेसन बोटीने गेला, आम्ही ट्रेनने

कोल्हापुरात आमच्या गल्लीच्या तोंडाला एक व्हिडिओ लायब्ररी होती, आणि तिथे 'फ्रायडे द थर्टीन्थ'चे, म्हणजे हॉकीचा मास्क घालून खून करत सुटणाऱ्या जेसनच्या अमेरिकन भयपटांचे, दोनच भाग होते, पाचवा आणि आठवा. म्हणजे फॅन लोक ज्यांना सगळ्यात जास्त शिव्या घालतात नेमके तेच दोन. बाकीचे लायब्ररीवाल्याने आणलेच नव्हते की कुणी नेऊन परत दिले नव्हते, देव जाणे. त्यामुळे मी आधी आठवा बघितला, मग पाचवा, आणि पहिला बघायला मिळाला तो डायरेक्ट कॉलेजात, सीडीवर, आणि पूर्ण वेळ वाट बघत बसलो की अरे जेसन कुठाय? पहिल्यात खुनी त्याची आई असते, तो स्वतः दिसतो ते अगदी शेवटी, तळ्यातून वर येतो तेवढाच. (१९८० चा पिक्चर आहे, स्पॉयलर दिला म्हणून ओरडू नका.)

तर ऑक्टोबरात मी न्यू जर्सीत एडिसनला मावसबहिणीकडे होतो. तिथून तासा-सव्वा तासावर ब्लेअर्सटाउन आहे, जिथे पहिला भाग शूट झाला. मी म्हटलं जाऊया. ताई म्हणाली, "एवढ्या लांबून आलास, नायगारा सोडून तुला हे बघायचंय?" पण गाडी तिनेच काढली, डब्यात दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी, मागच्या सीटवर नऊ वर्षांचा भाचा. त्याला पिक्चर बघायची परवानगी नाही, पण जेसन माहितीये, मास्कमुळे.

हायवे ८० वर पश्चिमेकडे, मग १२ नंबरच्या एक्झिटला बाहेर पडायचं. आधी होप नावाचं छोटंसं गाव लागतं. तिथल्या जुन्या मोरावियन दफनभूमीपाशी पहिल्या भागातला ट्रकवाला, तळ्याकाठच्या कॅम्पवर कामाला निघालेल्या ॲनी नावाच्या पोरीला उतरवतो. आम्ही पाच मिनिटं थांबलो, पानं पिवळी-लाल झालेली, चिटपाखरू नाही. ताई गाडीतून उतरलीच नाही, म्हणाली स्मशानात काय फोटो काढायचे.

ब्लेअर्सटाउन म्हणजे एक मेन स्ट्रीट, आणि जुन्या दगडी गिरणीच्या पोटातून जाणारा कमानीचा फूटपाथ. ॲनी पाठीवर सॅक घेऊन याच कमानीतून येते. मी पण आलो, तीन वेळा, कारण भाच्याने काढलेल्या व्हिडिओत दोनदा त्याचं बोट आलं होतं. गावाजवळचं डायनर पण पिक्चरमध्ये आहे, कॅम्पचा मालक पावसाच्या रात्री तिथे बसलेला असतो. आम्ही बाहेरून बघितलं आणि दशम्या गाडीतच खाल्ल्या. वाटेत ताईला मी सांगत होतो की जेसनच्या आईचं काम करणाऱ्या बेट्सी पामरने ते काम घेतलं कारण तिला नवीन गाडी घ्यायची होती. ताईला आख्ख्या ट्रिपमध्ये एवढी एकच गोष्ट पटली.

मुख्य गंमत म्हणजे कॅम्प. पडद्यावरचं क्रिस्टल लेक म्हणजे खरं तर हार्डविकमधला नो-बी-बॉस-को नावाचा बॉय स्काउटचा कॅम्प, नाव नॉर्थ बर्गन बॉय स्काउट्सवरून पडलं. १९२७ पासून आहे आणि अजून चालू आहे, त्यामुळे एरवी आत सोडत नाहीत. ठराविक दिवशी टूर असतात, त्यांची तिकिटं संपलेली, आणि हे मला कधी कळलं तर विमानात बसायच्या दोन दिवस आधी. रस्त्यावरून झाडं दिसली. तळं दिसलं नाही. मी पाटीचा फोटो काढला आणि परत फिरलो.

आणि खरं सांगू का, मला फार वाईट वाटलं नाही. ते तळं पहिल्या भागाच्या भक्तांचं. माझं दैवत आठवा भाग, १९८९ चा, ज्यात जेसन मॅनहॅटनला जातो. कसा? बोटीने! क्रिस्टल लेकवरून निघतात ते थेट समुद्रात. मी त्या झाडीत उभा राहून चारी बाजूंना बघितलं, सगळीकडे डोंगर आणि शेतं, खऱ्या तळ्याचं नाव पण सँड पाँड, म्हणजे डबकंच की हो. इथून समुद्र गाठणारी बोट म्हणजे आमच्या रंकाळ्यातून निघून गेटवे ऑफ इंडियाला लागल्यासारखं. पिक्चरला याचं काहीही वाटत नाही आणि म्हणूनच तो मला आवडतो.

हे दिग्दर्शनाचं वगैरे मला कळत नाही असं नाही. चांगल्या सिनेमात एक बेत असतो, तो पार पाडतात. इथे बेत संपून गेलाय आणि दुकान चालू ठेवायचंय. चौथ्या भागाच्या नावातच 'फायनल' होतं, १९८४ मध्ये, आणि १९८५ ला पाचवा हजर! त्यात तर खुनी जेसन नसतोच, ॲम्ब्युलन्सवर काम करणारा रॉय असतो, मुलाच्या खुनाने डोकं फिरलेला, मास्कवर लाल ऐवजी निळे पट्टे. फॅन चिडले. मला लहानपणी पत्ताच नव्हता की चिडायचं असतं, मला वाटलं मास्क हीच मुख्य गोष्ट, आत कोणी का असेना. सहाव्यात वीज पडून जेसन जिवंत होतो, सातव्यात समोर मनाच्या शक्तीने वस्तू हलवणारी पोरगी, दहाव्यात डायरेक्ट अंतराळ. एका मेलेल्या माणसाला कामाला लावायचे इतके प्रकार मी दुसरीकडे बघितले नाहीत.

आणि आठव्यातला तो गच्चीवरचा सीन. ज्युलियस नावाचा बॉक्सर जेसनला ठोसे मारत सुटतो, मारतो मारतो आणि दमतो, मग म्हणतो आता तू मार. जेसन एकच मारतो. मुंडकं थेट खालच्या कचऱ्याच्या पेटीत. आमच्याकडे तो सीन बघायला तालमीतली पोरं यायची, रिवाइंड करकरून टेप घासली होती, आणि एक वस्ताद सीरियसली सांगायचे की ज्युलियसचा दम कमी, पाय हलवत नाही.

म्हणून संध्याकाळी आम्ही एडिसनला गाडी ठेवली आणि ट्रेनने न्यू यॉर्क. पेन स्टेशनवरून चालत टाइम्स स्क्वेअर. आता 'मॅनहॅटन' नाव असून निम्म्याहून जास्त पिक्चर बोटीवरच आहे, आणि पुढचं मॅनहॅटन पण बरंचसं कॅनडात व्हँकुव्हरला शूट केलंय. खरं न्यू यॉर्क म्हणजे मुख्यतः हा टाइम्स स्क्वेअर. इथे जेसन टपोरी पोरांचा टेपरेकॉर्डर लाथेने उडवतो, पोरं अंगावर येतात, तो फक्त मास्क वर करतो, ती पळतात. बस, एवढ्यासाठी मी कोल्हापुरातून आलो होतो. शेजारच्या दुकानात 'आय लव्ह न्यू यॉर्क'चे टीशर्ट लटकलेले. पिक्चरच्या पहिल्या पोस्टरवर जेसन हाच लोगो चाकूने फाडून बाहेर येत होता, न्यू यॉर्कच्या पर्यटनवाल्यांनी आक्षेप घेतला आणि पोस्टर बदलावं लागलं.

हॅलोविनचे दिवस, त्यामुळे हॉकी मास्क मिळाला. मी निळे पट्टेवाला मागितला, विकणाऱ्याने माझ्याकडे असं बघितलं की विचारू नका. लाल घेतला, चौकात घातला, हात लोंबते ठेवून उभा राहिलो. एकानेही मान वळवली नाही. शेवटी फोटोचे पैसे घेणारा एक स्पायडरमॅन आला आणि म्हणाला, भाऊ, ही जागा माझी आहे.

परतीच्या ट्रेनमध्ये भाचा मास्क घालूनच झोपला. तिकीट चेकर आला, त्याच्याकडे नीट निरखून बघितलं, आणि ताईला विचारलं, "याचं वय किती?"

"नऊ."

त्याने अर्धं तिकीट पंच केलं आणि पुढे गेला.